विश्लेषण : रोजच्या धावपळीत देवासाठी शांत वेळ कसा काढायचा? निंबाळच्या गुरुदेव रानडे यांनी आयुष्यभर काय केले?

सोलापूरहून विजापूरच्या दिशेने रेल्वेने निघाले की होटगी, इंडी रोड मागे टाकल्यावर निंबाळ नावाचे एक लहान स्थानक येते. या स्थानकाजवळच्या आश्रमात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतून माणसे येतात आणि बराच वेळ डोळे मिटून शांत बसतात. पुण्यात प्राध्यापक आणि अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख राहिलेले रामचंद्र दत्तात्रय रानडे येथेच राहत. लोक त्यांना गुरुदेव रानडे म्हणतात.

नोकरी, आजारपण, घरातले मृत्यू, ग्रंथलेखन आणि विद्यापीठाचा कारभार हे सगळे सांभाळून त्यांनी वयाच्या पंधराव्या वर्षापासून रोजचा एकांत जपला. शांत बसल्यावर आतून जे जाणवते ते खरोखर देवाचे मार्गदर्शन असते की आपल्याच मनाचा खेळ, या प्रश्नालाही ते अभ्यासक म्हणून सामोरे गेले.

गुरुदेव रानडे कोण होते?

जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडी येथे. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते; आज हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. घरात मराठी, बाजारात कानडी, असा हा मुलूख. सोलापूरकरांना हे वातावरण नवे नाही.

त्यांच्या आयुष्यातले मुख्य टप्पे असे :

१९०१ : उमदीचे भाऊसाहेब महाराज यांच्याकडून नाम घेतले.
१९०२ : मॅट्रिक परीक्षा, संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती.
१९१४ : एम.ए.; पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापनाला सुरुवात.
१९२४ : प्रकृतीमुळे पुणे सोडून निंबाळला मुक्काम.
१९२६ : उपनिषदांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध.
१९२७ : अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक.
१९३३ : महाराष्ट्रातील संतांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध.
१९४६ : निवृत्ती आणि निंबाळला कायमचा मुक्काम.
१९५७ : ६ जून रोजी निंबाळ येथे देहावसान.

नाम मिळाले ते कोणाकडून?

भाऊसाहेब महाराज (१८४३-१९१४) हे उमदीच्या देशपांडे घराण्यातले. उमदी आज सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात आहे. त्यांचे गुरू निंबर्गीचे महाराज. भाऊसाहेबांची समाधी विजापूर जिल्ह्यातल्या इंचगेरी येथे आहे आणि त्यावरूनच या परंपरेला इंचगेरी संप्रदाय म्हणतात. भीमेच्या आसपासच्या या पट्ट्यात शेतकरी, व्यापारी, कारकून, शिक्षक असे सर्व थरांतले लोक त्यांच्याकडे येत. घरदार सोडा, भगवी वस्त्रे घाला, असे त्यांना कोणी सांगत नसे. प्रपंच जागच्या जागी ठेवून रोज नाम घ्यायचे, एवढेच मागणे असे.

या परंपरेत ग्रंथवाचनालाही मोठे स्थान आहे. समर्थ रामदासांचा दासबोध हा त्यांचा रोजचा ग्रंथ. कानडी बोलणारी माणसेसुद्धा मराठी दासबोध ऐकत, ही सीमाभागातली खास गोष्ट.

'नेम' म्हणजे नेमके काय?

संप्रदायातला शब्द साधा आहे : नेम. ठरलेल्या वेळी, शक्यतो ठरलेल्या जागी बसायचे आणि गुरूने दिलेले नाम श्वासाच्या लयीबरोबर मनात घ्यायचे. मोठ्याने बोलायचे नाही. मन भरकटले की परत नामावर आणायचे. वेळ संपली की उठून कामाला लागायचे.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, बसायचे की नाही हे त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोडलेले नसते. आज मन लागत नाही म्हणून उद्या बसू, ही सवलत नसते. जेवणाची वेळ झाली की ताट घ्यावे, तशी नेमाची वेळ झाली की बसायचे.

दुसरी, बसताना देवापुढे मागण्यांची यादी ठेवायची नसते. आपण बोलणे थांबवायचे आणि लक्ष आत वळवायचे. मार्गदर्शन मिळायचे असेल तर ते अशा थांबण्यातून मिळते, अशी यामागची श्रद्धा आहे.

आधी तत्त्वज्ञान की आधी नेम?

रानडे तत्त्वज्ञानाचे मोठे अभ्यासक असल्यामुळे अनेकांना वाटते की ग्रंथ वाचून ते साधनेकडे वळले असावेत. प्रत्यक्षात क्रम उलटा होता. डॉ. राधाकृष्णन यांच्या सहसंपादनाखाली १९३६ मध्ये भारतीय विचारवंतांच्या आत्मपर निबंधांचा एक संग्रह निघाला. त्यातल्या आपल्या निबंधात रानड्यांनी आपल्या विचारांची वाटचाल मांडली आहे. नाम घेतले तेव्हा ते शाळकरी वयात होते आणि या साधनेला काही तात्त्विक आधार हवा, असे त्या वेळी त्यांच्या मनातही आले नव्हते. तो प्रश्न पुढे, कॉलेजच्या काळात उभा राहिला.

मग त्यांनी मिळेल ते वाचून काढले. ग्रीक तत्त्ववेत्ते, जर्मन तत्त्वज्ञ, उपनिषदे, गीता, युरोपातले ख्रिस्ती साधक, मराठी संत असा हा प्रवास होता. हेराक्लिटस या प्राचीन ग्रीक विचारवंतावर त्यांनी पुण्यात असतानाच लेखन केले. या सगळ्या अभ्यासामागे एकच तळमळ होती : रोज नेमाला बसताना आपण जे करतो, ते बुद्धीच्या कसोटीवर उतरते का?

आजार आणि दुःखाच्या काळात काय झाले?

रानड्यांची प्रकृती तरुणपणापासून नाजूक. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर गंभीर आजाराने त्यांना गाठले. पदवी १९०७ मध्ये मिळाली आणि एम.ए. १९१४ मध्ये. मधल्या वर्षांवर आजाराचीच सावली होती.

ज्या वर्षी एम.ए. झाले, त्याच वर्षी जानेवारीत भाऊसाहेब महाराज गेले. ज्यांना विचारावे असा माणूस राहिला नाही. रानडे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. पुढे पुण्यातल्या नोकरीच्या काळात घरातल्या अगदी जवळच्या माणसांचे मृत्यूही त्यांना पाहावे लागले आणि प्रकृती पुन्हा ढासळली.

अशा वेळी माणूस एकतर देवावर रुसतो किंवा नवस-उपासांच्या मागे लागतो. रानड्यांनी नेम चालू ठेवला. संप्रदायात ज्येष्ठ गुरुबंधू जिगजेवणीचे अंबुराव महाराज होते, त्यांचा आधार त्यांनी घेतला. स्वतःची विद्वत्ता बाजूला ठेवून, फारसे शालेय शिक्षण नसलेल्या या साधकाकडे ते आदराने पाहत राहिले. शांत बसण्याबरोबरच, आपल्यापेक्षा जास्त चाललेल्या माणसाला विचारणे हाही मार्गदर्शनाचाच भाग आहे, हे त्यांच्या वागण्यातून दिसते.

निंबाळच का?

१९२४ मध्ये त्यांनी फर्ग्युसनची नोकरी सोडली आणि निंबाळला मुक्काम हलवला. जागा निवडण्यामागे व्यवहार होता. हवा कोरडी, आसपास उघडे माळरान, माणसांची वर्दळ कमी. तरीही रेल्वे स्थानक जवळ आणि इंचगेरी, निंबर्गी ही संप्रदायाची ठिकाणे त्याच परिसरात. होटगीहून गदगकडे जाणारा हा मार्ग तेव्हा मीटर गेज होता. पुण्याकडून निंबाळला यायचे तर सोलापूर-होटगीवरूनच यावे लागे.

निंबाळला येणे म्हणजे काम सोडून देणे नव्हते. याच काळात त्यांचा उपनिषदांवरचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ 'अ कन्स्ट्रक्टिव्ह सर्व्हे ऑफ उपनिषदिक फिलॉसॉफी' पूर्ण झाला आणि १९२६ मध्ये बाहेर पडला. त्याच सुमारास ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांच्या वचनांची निवड करून मराठी वाचकांसाठी 'वचनामृत' नावाची पुस्तके त्यांनी तयार केली. ज्याला मोठे ग्रंथ वाचायला सवड नाही, त्याला रोज थोडे थोडे वाचता यावे, अशी त्यांची रचना आहे.

नोकरी सांभाळून एकांत कसा जमला?

उपनिषदांवरच्या ग्रंथाने त्यांचे नाव देशभर झाले. अलाहाबाद विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू, संस्कृत पंडित डॉ. गंगानाथ झा यांनी त्यांना बोलावले आणि १९२७ मध्ये रानडे तेथे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढची जवळपास १९ वर्षे त्यांनी तेथे काढली. विभागप्रमुख, कला शाखेचे अधिष्ठाता आणि काही काळ कुलगुरू अशी पदे त्यांनी सांभाळली.

म्हणजे वर्ग, परीक्षा, बैठका, फायली हे सगळे त्यांच्याही मागे होते. त्यांनी वर्षाची विभागणी केली. सत्र चालू असताना अलाहाबाद आणि सुट्टी लागली की निंबाळ. दिवसाचीही तशीच विभागणी : नेमाची वेळ आधी राखायची आणि उरलेल्या वेळात बाकीचे काम बसवायचे. बहुतेक माणसे उलटे करतात. सगळी कामे उरकल्यावर उरलेला वेळ देवाला द्यायचे ठरवतात आणि तो कधी उरत नाही.

अलाहाबादच्या वास्तव्याचा आणखी एक परिणाम झाला. कबीर, सूरदास, तुलसीदास, मीरा यांची हिंदी पदे त्यांच्या रोजच्या चिंतनात आली. १९५४ मध्ये हिंदी संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. कानडी संतांवरचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी, हिंदी आणि कानडी अशा तीन भाषांतल्या संतांना एकाच नजरेने पाहणारे अभ्यासक थोडेच आहेत.

आतला आवाज देवाचा की आपल्याच मनाचा?

हा प्रश्न जुना आहे आणि रानड्यांच्या काळात तो फार जवळून समोर आला. १९३३ मध्ये येरवडा तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींनी आतल्या आवाजाच्या आदेशावरून २१ दिवसांचा उपवास जाहीर केला आणि ८ मे रोजी तो सुरू केला. हा आवाज म्हणजे भास तर नव्हे, असे त्यांना अनेकांनी विचारले. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत. युरोपातल्या क्वेकर पंथाच्या सभांतही लोक निःशब्द बसून आतल्या प्रेरणेची वाट पाहतात. अशा ठिकाणी खरी प्रेरणा कोणती, हे ओळखायचे कसे?

त्याच १९३३ मध्ये रानड्यांचा महाराष्ट्रातील संतांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आणि इतर लेखनात त्यांनी या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. साध्या शब्दांत त्याचा सारांश असा :

एक, देवाचा अनुभव बुद्धीच्या पलीकडे असू शकतो, पण बुद्धीच्या विरुद्ध असू शकत नाही. जो अनुभव माणसाला विचार बंद करायला लावतो, त्याच्याकडे संशयाने पाहावे.

दोन, असा अनुभव एकट्याचा नसतो. वेगवेगळ्या देशांतल्या, धर्मांतल्या आणि काळांतल्या साधकांनी जे सांगितले, त्याच्याशी त्याचे नाते जुळायला हवे. म्हणून तर रानडे ज्ञानेश्वरांच्या शेजारी युरोपातले साधक ठेवून वाचत.

तीन, आचरण. नेमानंतर माणूस जास्त नीतिमान, जास्त संयमी आणि लोकांच्या जास्त उपयोगाचा होत नसेल, तर त्याला आत काय ऐकू आले याला फारसा अर्थ उरत नाही.

उपनिषदांवरच्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरणही आत्मानुभवाच्या संकेतांवरच आहे. ध्यानात साधकाला धुके, सूर्य, काजवे, वीज, चंद्र अशी रूपे दिसतात, असे श्वेताश्वतर उपनिषदात आले आहे. काही ठिकाणी आतल्या नादाचा उल्लेख आहे. रानड्यांनी हे सगळे गांभीर्याने घेतले. परंतु उपनिषदाने या रूपांना ब्रह्मदर्शनाच्या आधीच्या खुणा म्हटले आहे. वाटेवरचा मैलाचा दगड दिसला म्हणजे गाव आले, असे होत नाही.

आणि काहीच ऐकू आले नाही तर?

नेमाला बसणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण ही आहे. दिवस जातात, महिने जातात आणि आत शांतता तर सोडाच, नुसता गोंधळ असतो.

रानड्यांनी याचे उत्तर तुकाराम महाराजांच्या आयुष्यात शोधले. स्पॅनिश साधक सेंट जॉन ऑफ द क्रॉस यांनी आत्म्याची काळोखी रात्र अशी एक अवस्था वर्णन केली आहे. देव जवळ असल्याची कोणतीही खूण मिळत नाही, पूर्वीचा आनंदही आटतो, असा तो काळ. दुष्काळ, घरातले मृत्यू, लोकांची निंदा आणि देव भेटत नाही ही तळमळ यांतून गेलेल्या तुकोबांचे अभंग रानड्यांनी याच नजरेने वाचले. संतांवरच्या ग्रंथात तुकोबांच्या या काळाला त्यांनी वेगळी जागा दिली. त्यांच्या मांडणीत ही रात्र म्हणजे साधनेतला बिघाड नव्हे, ती साधनेच्या वाटेवरच लागते. तुकोबांनी त्या रात्री नाम सोडले नाही, म्हणून पुढची पहाट आली.

स्वतः रानडेही अशा काळातून गेले होते. पण आपल्या अनुभवांचा त्यांनी गाजावाजा केला नाही. संतांबद्दल ते भरभरून लिहीत राहिले.

सोलापूर जिल्ह्याशी या विचाराचे नाते काय?

रानड्यांनी महाराष्ट्रातल्या संतांची पाच प्रकारांत मांडणी केली. ज्ञानेश्वरांची वाट ज्ञानाची, एकनाथांची समन्वयाची, तुकारामांची व्यक्तिगत तळमळीची, रामदासांची कर्माची. नामदेव आणि त्यांच्या सोबतच्या संतांची वाट मात्र त्यांनी लोकशाहीची मानली, कारण तेथे शिंपी, माळी, कुंभार, महार, दासी असे सगळे देवाच्या दारात एकत्र आले.

या संतमेळ्यातला मोठा भाग आजच्या सोलापूर जिल्ह्यातला आहे. नामदेवांचे पंढरपूर, चोखोबांचे मंगळवेढे, सावता माळी यांचे माढा तालुक्यातले अरण. सावतोबांनी मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहिला, अशी त्यांची ख्याती आहे. देवासाठी वेगळी सवड मिळत नाही म्हणणाऱ्या माणसासाठी अरणचा मळा आजही उत्तर देतो.

नुसते शांत बसणे पुरेसे आहे का?

यावर संप्रदायातच मतभेद झाला आणि तो घडवणारा माणूसही सोलापूर जिल्ह्यातला होता. सिद्धरामेश्वर महाराज यांचा जन्म १८८८ मध्ये सोलापूरजवळच्या पाथरी गावी झाला. विजापूरला नोकरी करत असताना तेही भाऊसाहेब महाराजांचे शिष्य झाले. म्हणजे ते आणि रानडे गुरुबंधू.

सिद्धरामेश्वरांनी पुढे असा विचार मांडला की ध्यान ही पहिली पायरी आहे. त्यापुढे विवेकाने, मी कोण याचा शोध घेऊन जायला हवे. नाम-ध्यानाची वाट मुंगीची, पायरीपायरीने जाणारी. विचाराची वाट पक्ष्याची, थेट उडणारी. त्यांच्या काही गुरुबंधूंना हे रुचले नाही. गुरूंनी ध्यानच शिकवले, मग त्यापलीकडे कशाला जायचे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९३६ मध्ये सिद्धरामेश्वर मुंबईत निवर्तले. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवत. त्यांच्या मराठी संवादांवरून १९७३ मध्ये तयार झालेले 'आय अ‍ॅम दॅट' हे इंग्रजी पुस्तक जगभर वाचले जाते. उमदीच्या एकाच गुरूकडून निघालेल्या दोन वाटा अशा वेगवेगळ्या दिशांना गेल्या. रानडे मात्र शेवटपर्यंत नाम आणि नेम यांवरच ठाम राहिले. त्यांच्या दृष्टीने विचार नामाला बळ देतो, त्याची जागा घेत नाही.

आजच्या माणसाने यातून काय घ्यावे?

रानड्यांच्या आयुष्यातून काही व्यवहारातल्या गोष्टी निघतात.

वेळ आधी ठरवावी : पहाट असो वा झोपण्यापूर्वी, रोजची एकच वेळ असली की मनाला सवय लागते. मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत असलेला बरा.

थोडे वाचन जोडावे : मन एकदम शांत होत नाही. दासबोधाचा एक समास किंवा आपापल्या धर्मग्रंथातले एक पान आधी वाचले की बैठक सोपी जाते.

निर्णयाची घाई करू नये : शांत बसताना सुचले ते सगळे देवाचेच, असे धरू नये. बुद्धीला विचारावे, जाणत्या माणसाला विचारावे आणि त्याने कोणाचे नुकसान तर होणार नाही ना, हे पाहावे.

कोरडे दिवस मोजू नयेत : ज्या दिवशी काहीच जाणवले नाही, त्या दिवशीचा नेमही नेमच असतो.

औषधोपचार सोडू नयेत : रानडे आयुष्यभर नेम करत होते आणि तरीही आजारी पडले. हवापालटासाठी त्यांनी नोकरी सोडून गाव बदलले. नेमाने प्रकृतीची काळजी घेण्याची गरज संपत नाही.

शेवटचे दिवस आणि आजचे निंबाळ

१९४६ मध्ये निवृत्त झाल्यावर रानडे निंबाळलाच राहिले. देह अत्यंत कृश झाला होता, पण लेखन आणि साधकांबरोबरची बैठक चालू होती. गीतेवरच्या ग्रंथाचे काम त्यांनी मागे ठेवले. तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६ जून १९५७ रोजी, एकाहत्तरावे वर्ष पूर्ण होण्याच्या आधी, निंबाळमध्येच त्यांनी देह ठेवला.

त्यांची समाधी तेथेच आहे. बेळगावच्या हिंदवाडीत त्यांच्या नावाचे मंदिर आणि तत्त्वज्ञान व धर्माच्या तुलनात्मक अभ्यासाची संस्था आहे. सोलापूर, सांगली, विजापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत त्यांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी असतो आणि ठरलेल्या वेळी त्यासमोर कोणीतरी नेमाला बसलेले असते.